‘आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क’ नावाची वस्तू कुठे मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या उद्योग पुरवणीत छोट्या धंदेवाल्यांनी माल बाहेरच्या देशांत कसा पाठवावा यावर लेख आला होता. लेख चांगला होता, कागदपत्रांची माहिती नीट होती, पण शेवटच्या रकान्यात एक वाक्य होतं की एकदा आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क घेऊन टाकला की जगात कुठेही तुमच्या ब्रँडला धक्का लागत नाही. ते वाचून मी पेपर खाली ठेवला आणि दिराला फोन लावला, तो म्हणाला वहिनी आता लिहाच तुम्ही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं नेमकं ह्याच समजुतीपायी वाटोळं होता होता राहिलं. मी आणि दीर मिळून हातअवजारांचा धंदा बघतो, पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर असला माल. नाव आपल्या देशात रीतसर रजिस्टर केलेलं, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. परदेशातल्या एका डिस्ट्रिब्युटरने सॅम्पल मागवले, मग छोटी ऑर्डर, मग मोठी, माणूस बोलायला गोड, पैसे वेळेवर, दोन वर्षं काही म्हणजे काही तक्रार नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही त्याच देशात आणखी एका व्यापाऱ्याला माल द्यायचं ठरवलं आणि कंटेनर बंदरावरच अडकला, का तर म्हणे ह्या मालावर जो ब्रँड आहे तो इथे दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याने कस्टम्सकडे तशी नोंद करून ठेवलीय, तेव्हा तुमचा माल नकली. आमचाच माल, आमच्याच कारखान्यातला, आणि नकली! तो दुसरा कोण तर आमचाच गोडबोल्या डिस्ट्रिब्युटर. पहिले सॅम्पल हातात पडल्यावर तीन आठवड्यांत त्याने तिकडे अर्ज टाकला होता.

आम्ही भिंतीवरचं सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवलं, तिकडच्या वकिलाने एका ओळीत उत्तर दिलं की हा कागद तुमच्या देशात चालतो. तशी पॅरिस करारात (ट्रेडमार्कसारख्या हक्कांवरचा देशादेशांमधला जुना करार) ह्यावर सोय आहे, एजंटने किंवा प्रतिनिधीने मालकाला न विचारता नाव स्वतःच्या नावावर केलं तर मालक ते रद्द करून मागू शकतो, पण त्यासाठी तो आपला एजंट होता हे दाखवावं लागतं आणि आमच्याकडे होती फक्त बिलं आणि व्हॉट्सॲपवरच्या गप्पा, लेखी करार नावाचा कागदच नव्हता. वकील म्हणाला केस होईल पण वेळ जाईल आणि तोवर माल बंद. शेवटी आमचंच नाव आम्ही त्याच्याकडून पैसे मोजून विकत घेतलं. किती मोजले ते लिहीत नाही, विषय निघाला की दिराला अजून रात्रभर झोप लागत नाही.

तर मुद्दा असा की ट्रेडमार्कचा हक्क देशाच्या हद्दीत सुरू होतो आणि हद्दीत संपतो. आपण छोटे म्हणून आपल्यालाच हे झेपत नाही असं वाटत असेल तर मोठ्यांचं बघा. बर्गर किंग १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात गेलं तर ते नाव तिथे आधीच कुणाच्या तरी नावावर, म्हणून आजही तिथे त्यांची दुकानं हंग्री जॅक्स ह्या नावाने चालतात. युनिलिव्हरचा ॲक्स नावाचा डिओ ब्रिटनमध्ये लिंक्स म्हणून विकला जातो, कारण तेच. टोयोटाने प्रियस गाडी जपानमध्ये १९९७ ला आणली, जगभर गाजवली, पण इथे भारतात सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध त्यांची केस २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात पडली, कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की बाहेर नाव मोठं असेल, त्या काळात ह्या देशातल्या लोकांना ते माहीत होतं ह्याचा पुरावा कुठाय.

आणि ॲपलचं आयपॅड तर मला फार आवडतं उदाहरण म्हणून, म्हणजे दिराला समजावायला मी तेच वापरलं. ॲपलने २००९ मध्ये एक वेगळीच कंपनी पुढे करून प्रोव्ह्यू नावाच्या तैवानच्या कंपनीकडून आयपॅड हे नाव ३५ हजार पाउंडांत घेतलं, वाटलं सगळ्या देशांतलं मिळालं, पण चीनमधली नोंदणी होती प्रोव्ह्यूच्या शेन्झेनमधल्या कंपनीच्या नावावर आणि ती सुटलीच नाही. २०१२ मध्ये ते ६ कोटी डॉलरला मिटवावं लागलं. आता ॲपलकडे वकिलांची काही कमी नव्हती ना.

आता तुमच्या लेखातलं ते ‘आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क’ म्हणजे बहुतेक माद्रिद सिस्टीम. ती चांगली गोष्ट आहे, आम्ही नंतर तीच वापरली, पण ती काय आहे हे नीट सांगायला हवं. मूळ करार १८९१ चा, आज जे चालतं ते १९८९ च्या प्रोटोकॉलवर, तो १९९६ पासून सुरू झाला, कारभार जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संस्थेकडे. ११० च्या वर सदस्य आहेत, आपण २०१३ मध्ये आलो, अमेरिका २००३, कॅनडा आणि ब्राझील तर २०१९ मध्ये. तुम्ही आपल्या देशातल्या ट्रेडमार्क ऑफिसमार्फत एकच अर्ज करता, एका भाषेत, फी स्विस फ्रँकमध्ये, आणि त्यात हवे ते देश टिक करता. जिनिव्हावाले फॉर्म, फी, क्लास (म्हणजे मालाचा वर्ग) तपासतात आणि अर्ज त्या त्या देशाला पाठवतात. बस. द्यायचं की नाही हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो, त्यासाठी त्यांना १२ महिने किंवा काहींना १८ महिने असतात, एक देश हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, तिसरा म्हणतो मालाची यादी कमी करा. थोडक्यात वायपो हा पोस्टमन आहे, पत्र पोचवणं त्याच्या हातात, उत्तर नाही. लोक फसतात ते इथे की जिनिव्हाहून एक छान सर्टिफिकेट येतं, त्यावर आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक असतो, आणि माणसाला वाटतं झालं काम! आमच्या ओळखीच्या एकाने तर त्याच दिवशी पॅकिंगवर गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापायला दिला. नोंदणी नसलेल्या देशात तो आर लावणं हा बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, हे त्याला छपाईचा डाय बनून आल्यावर कळलं. तोवर टीएम लिहावं, त्याला सहसा कोणी अडवत नाही.

फीचं म्हणाल तर बेसिक फी बरीच वर्षं काळ्यापांढऱ्या मार्कसाठी ६५३ आणि रंगीतसाठी ९०३ स्विस फ्रँक अशी चालत आली आहे, पण ती नुसती दाराची फी, प्रत्येक देशाची वेगळी, क्लास वाढले की आणखी. म्हणून उगाच पन्नास देश टिक करू नयेत. पुढे त्याच नोंदणीत देश वाढवता येतात, रिन्यूअल दर १० वर्षांनी एकदाच, पत्ता बदलला तरी एकच फॉर्म, ही सोय खरंच मोठी आहे, त्याबद्दल मी वायपोला नावं ठेवणार नाही.

पण दोन खाचा आहेत त्या कोणी सांगत नाही. एक म्हणजे पहिली ५ वर्षं ही सगळी नोंदणी आपल्या घरच्या अर्जावर उभी असते. त्या काळात कुणी घरचा मार्क पाडला, किंवा तुमचा घरचा अर्जच नामंजूर झाला, तर बाहेरच्या सगळ्या देशांतलं एका फटक्यात जातं. मग ३ महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून जुनी तारीख वाचवता येते, पण तो खर्च बघा. त्यामुळे घरीच ज्याच्यावर भांडण चालू आहे असलं नाव घेऊन माद्रिदला जाऊ नये, तेव्हा सरळ त्या देशात वकील धरून थेट अर्ज केलेला बरा. दुसरी खाच आमच्या अंगावर आली. बाहेर जो मार्क पाठवायचा तो घरच्या मार्कसारखा हुबेहूब लागतो आणि मालाची यादी घरच्या यादीपेक्षा मोठी चालत नाही. आमचा घरचा मार्क म्हणजे आपल्या लिपीतलं नाव आणि भोवती दात्याच्या चाकाचं चित्र, सासऱ्यांनी काढून घेतलेलं, ते घेऊन बाहेर गेलो असतो तर तिथल्या गिऱ्हाइकाला फक्त चाक दिसलं असतं. म्हणजे आधी घरी रोमन अक्षरांतलं नाव वेगळं फाइल करा, मग पुढे. ह्यात आमचे काही महिने गेले.

तारखांचा एक फायदा मात्र सगळ्यांनी घ्यावा. १८८३ च्या पॅरिस करारामुळे पहिला अर्ज केल्यापासून ६ महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला तर तिथेही पहिलीच तारीख धरतात, ह्याला प्रायॉरिटी म्हणतात. म्हणजे मधल्या काळात कुणी आपलं नाव पाहून तिकडे अर्ज टाकला तरी आपण त्याच्या आधीचे. आमच्या त्या गृहस्थाचे तीन आठवडे आठवले की हे ६ महिने फार टोचतात, कारण आमचा घरचा अर्ज केव्हाचाच जुना झाला होता.

हे इतकं का महत्त्वाचं तर काही देशांत नाव आधी वापरणाऱ्याला मान असतो, अमेरिकेसारखा, आणि बऱ्याच देशांत जो आधी अर्ज करेल त्याचं नाव, चीन त्यातला सगळ्यात ठळक. तिथे तर आणखी एक गंमत, क्लासच्या आत पोटगट असतात. जगभर माल आणि सेवा मिळून ४५ क्लास आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे, नीस करार म्हणतात त्याला. आमची हातअवजारं ८ मध्ये, पण तेच अवजार मोटरवर चाललं की ७ मध्ये, डबा तोच, दुकान तेच, पण क्लास वेगळा. चीनमध्ये एकाच क्लासच्या एका पोटगटात तुम्ही आणि शेजारच्या पोटगटात दुसराच कोणी त्याच नावाने, असंही होऊ शकतं, म्हणून तिथे यादी करताना कंजूषपणा करू नये. अमेरिकेत उलटं, तिथे सगळा क्लास मागितला तर अर्ज परत येतो, नेमका माल लिहा म्हणतात, शिवाय वापरायचा खरा इरादा आहे असं सही करून द्यावं लागतं आणि नोंदणीनंतर पाचव्या ते सहाव्या वर्षात वापराचा पुरावा दिला नाही तर नोंदणी रद्द.

नुसतं नाव अडवून ठेवणं कुठेच फार दिवस चालत नाही तसं. चीन आणि जपानमध्ये सलग ३ वर्षं, युरोपियन युनियनमध्ये ५ वर्षं वापर नसेल तर कोणीही अर्ज करून ते उडवू शकतो. आयर्लंडच्या सुपरमॅक्स ह्या बर्गरवाल्या कंपनीने तसं केलं होतं, आणि २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने मॅकडोनाल्ड्सला सांगितलं की बिग मॅक हे नाव चिकन सँडविचसाठी तुम्ही खरंच वापरल्याचा पुरावा दिसत नाही. म्हणून बिलं, पॅकिंगचे फोटो, जाहिराती तारखेसकट देशवार जपून ठेवा. आमच्याकडे आता त्याची वेगळी फाइल आहे, दीर हसतो पण ठेवतो.

देश निवडताना नकाशावर विश्वास ठेवू नका. युरोपियन युनियनचा एक अर्ज २७ देशांना पुरतो, ऑफिस स्पेनमध्ये अलिकांतेला, पण एका देशातल्या जुन्या हक्कदाराने विरोध केला तरी अख्खा अर्ज अडकतो, आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे त्यात नाहीत, ब्रिटन तर २०२० संपताना बाहेर पडलं. चीनच्या नोंदणीत हाँगकाँग येत नाही. तैवान, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना माद्रिदमध्ये नाहीत, तिथे थेट जावं लागतं. आफ्रिकेत मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्या १७ देशांचा ओएपीआय नावाचा गट आहे, तिथे एकच अर्ज सगळीकडे लागू. आणि फक्त विकायचे देश बघू नका, माल जिथे बनवून घेता किंवा जिथून पुढे जातो तो देशही यादीत घाला.

नावाच्या भाषेचं राहिलंच. नाव शोधताना नुसतं स्पेलिंग बघू नये, उच्चार बघावा, अर्थ बघावा. मित्सुबिशीला पजेरो गाडी स्पॅनिश भाषेच्या देशांत मॉन्टेरो म्हणून विकावी लागली, पजेरोचा तिथला अर्थ पेपरात छापता येणार नाही. आणि चीनसारख्या बाजारात तुम्ही स्वतः चिनी नाव ठेवलं नाही तर लोक ठेवतात आणि तिसराच कोणी ते रजिस्टर करतो. न्यू बॅलन्स बुटांचं तसंच झालं, शिन बाय लुन हे नाव वापरल्याबद्दल २०१५ मध्ये त्यांच्यावर ९.८ कोटी युआनचा हुकूम झाला, अपिलात तो ५० लाखांवर आला, पण नाव गेलं ते गेलंच. मायकेल जॉर्डनला स्वतःच्याच नावाची चिनी अक्षरं मिळवायला २०१६ पर्यंत कोर्टात थांबावं लागलं आणि तरी रोमन अक्षरांतलं चिओदान मिळालं नाहीच. हे शोधायला सुरुवातीला वकील लागत नाही, वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, एका संध्याकाळी बसून आपलं नाव, त्याचे चार उच्चार, सगळं टाकून बघता येतं. वकील त्यानंतर.

आणि डिस्ट्रिब्युटरशी करार करताना त्यात स्पष्ट लिहा की ब्रँड आमचा, तू तो किंवा त्याच्यासारखं दुसरं काही कुठल्याही देशात, कुठल्याही लिपीत, स्वतःच्या किंवा बायकोच्या, भावाच्या नावावर रजिस्टर करणार नाहीस. बायको-भाऊ मी मुद्दाम लिहिलंय, समजून घ्या. त्याने ‘तिकडचं रजिस्ट्रेशन मीच करून देतो, तुम्हाला त्रास नको’ असं म्हटलं तर अर्जदार म्हणून नाव कोणाचं घालतोय ते बघा. आम्हाला तो असंच म्हणाला होता आणि आम्ही त्याचे आभार मानले होते!

आता शेवटचं, कारण हे कालच परत घडलं. आमचा मार्क जिनिव्हाच्या गॅझेटात छापून आला आणि महिन्याभरात वेगवेगळ्या नावांची बिलं यायला लागली, कुणी म्हणतं आंतरराष्ट्रीय रजिस्टरमध्ये नाव घालायची फी, कुणी म्हणतं प्रकाशन शुल्क, वर शिक्का, गरुड, बँकेचा नंबर, आमचा नोंदणी क्रमांक अगदी बरोबर. नवीन आलेल्या अकाउंटंटने एक भरायलाच घेतलं होतं. ही सरकारी नाहीत, वायपोचीही नाहीत, गॅझेट सगळ्यांना बघता येतं त्यातून पत्ते उचलून पाठवतात, वायपोने स्वतःच्या साइटवर असल्या बिलांचे नमुने लावून ठेवलेत. त्यातल्या एका बिलावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं होतं माहितीये, ‘जगभर संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क’. म्हणजे अगदी तुमच्या पुरवणीतलंच वाक्य. म्हणून विनंती एवढीच की पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर त्या ठिकाणी ‘आंतरराष्ट्रीय अर्ज’ असा शब्द घाला, आणि खाली बारीक अक्षरांत का होईना, प्रत्येक देश आपला निर्णय वेगळा घेतो, एवढी ओळ जोडा.

आपली,
दिराच्या आग्रहावरून लिहिणारी एक जुनी वाचक